उडालेला धोटा

थोबाडीत बसली ती डाव्या बाजूनं, आणि डाव्या बाजूचं ईश्वरदासला गेल्या दिवाळीपासून काही दिसत नव्हतं. गोळीबार चौकातून विणकर सोसायटीच्या गोदामाकडे जायला तो रोजच्यासारखा रस्ता ओलांडत होता, हातात डब्याची पिशवी, आणि कानाशी एकदम ब्रेक किंचाळला, पाठोपाठ शिवी, आणि शिवी संपायच्या आत गालावर सणकन् आग. "आंधळा हायेस का बे बुढ्ढ्या?" स्कूटर निघूनही गेली. हात कुठून आला, कसा आला, काही कळलं नाही. गालाच्या हाडावर एक कडक टोक लागलं होतं त्यावरून मारणाऱ्याच्या बोटात अंगठी असावी एवढंच. पानठेल्यावरचे दोघं-तिघं बघत होते, त्यातला एक हसला. डबा पिशवीत कलंडून वरणाचा ओघळ पायजम्यावर आला होता. ईश्वरदासचा उजवा हात आपोआप वर गेला होता, मारायला, आणि समोर कुणीच नव्हतं. तो हात तसाच हवेत धरून तो भर चौकात हवालदारासारखा उभा राहिला, आणि मागून ट्रकनं भोंगा वाजवला तेव्हा त्यानं तो खाली घेतला.

मार काही त्याला नवा नव्हता. त्याचा बाप नानाजी म्हणजे पाचपावलीतला नावाजलेला विणकर आणि त्याहून नावाजलेला मारकुटा. सुताची कांडी सैल भरली की मार, मागाखालच्या पावडीवर पाय चुकला की मार, आणि काहीच चुकलं नाही तर चुकणार होतास म्हणून मार. ईश्वरदासनं तो वारसा इमानानं चालवला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ नीट जळालाही नव्हता. त्यानं धाकट्या भावाला मारलं, पोराला मारलं, एकदा कुणीच हाताशी सापडलं नाही म्हणून मागाच्या खांबाला लाथ घालून स्वतःच्या पायाचं बोट मोडून घेतलं. पोरगा श्रावण मोठा झाला तसा सावनेरकडे कोळशाच्या खाणीत लागला आणि आता दिवाळीला येतो तेव्हा चप्पल न काढता ओसरीवरच बसतो. पण त्या सगळ्या घेतलेल्या-दिलेल्या मारात एक गोष्ट होती. येणारा हात दिसायचा. हात दिसला की माणूस आतून तयार होतो, दात आवळतो, मान आखडतो, मनात शिवी जुळवतो, आणि मग तो मार त्याच्या ओळखीचा होतो. हा मार अंधारातून आला होता. आणि वरणानं भिजलेला पायजमा घेऊन गोदामाच्या दारात लुगड्यांच्या घड्या घालत बसला असताना, अठरा वर्षांत ज्याची त्याला कधी गरज पडली नव्हती असा एक प्रश्न ईश्वरदासच्या मनात येऊन बसला. मैनाला त्या दिवशी धोटा येताना दिसला होता का?

मैनाबाई म्हणजे त्याची बायको. तिचा उजवा डोळा अडुसष्ट सालापासून पांढरा आहे. कसा गेला असं कुणी विचारलं की ती म्हणते, "धोटा उडाला." मागावरचा धोटा पोटात सुताची कांडी घेऊन ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावतो, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडाची टोपणं असतात, आणि कधीमधी तो वाट चुकून खरंच बाहेर उडतो. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं, पोलिसानं मान डोलावली. कोष्ट्यांच्या गल्लीत मात्र हे कुणी मानलं असेल असं समजायला माणूस गल्लीबाहेरचाच हवा. उडालेला धोटा समोर जातो नाहीतर बाजूच्या भिंतीवर आपटतो. विणणाऱ्याच्या पाठीमागे तो कधी जात नाही. मैनाबाई पाठीमागे बसून चरख्यावर कांड्या भरत होती. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हिशेब कळत होता, पण कुणी बोललं नाही, कारण प्रत्येकाच्या घरात माग होता आणि मागामागे कुणीतरी बसलेलं होतं. त्या दिवसानंतर मैनाबाईनं आपला चरखा उचलला आणि त्याच्या पुढ्यात, दाराच्या उजेडात नेऊन ठेवला. पाठीमागे ती पुन्हा कधी बसली नाही. का, ते त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. रस्त्यानं जाताना मात्र दोघांची एक तऱ्हा हल्ली आपोआप बसली होती. ती त्याच्या डावीकडे चालायची. त्याची आंधळी बाजू ती सांभाळायची, तिची तो. शेजारची जनाबाई हसून म्हणायची, "काहून वं मैने, दोघांत मिळून बराबर जोडा भरला न तुमचा!" त्यावर मैनाबाईही हसायची. ईश्वरदासला मात्र तोंडात खडा आल्यासारखं व्हायचं.

उजव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले ते चौकातल्या प्रकारानंतर चारच दिवसांनी. आधी त्याला वाटलं ताण्यातले तुटके दोरे आहेत. तो हातानं ते बाजूला सारू लागला आणि मैनाबाईनं ते पाहिलं. धंतोलीतले डोळ्यांचे डॉक्टर वयानं श्रावणएवढेच होते, गोरे, बोटं लांब, बोलणं हळू. त्यांनी डोळ्यात दिवा घालून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की रक्तातल्या साखरेनं डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या आहेत. डाव्या डोळ्यात त्या फुटल्या म्हणून तो गेला, उजव्यातल्या आता फुटायच्या बेतात आहेत. "आपल्याकडे आता लेसरची मशीन आली आहे. पूर्वी याला मुंबई गाठावी लागायची. त्याच्या उजेडानं आपण पडदा जागोजागी जाळतो."

"जाळता?" ईश्वरदासनं विचारलं.

"सुईच्या टोकाएवढे डाग. कडेचं थोडं जाळायचं आणि मधलं वाचवायचं. मधोमध खसखशीच्या दाण्याएवढी एक जागा असते, माणसाचा चेहरा, अक्षर, सुईचं भोक, सगळं त्या दाण्यानं दिसतं. तिथे एक डाग चुकून पडला तर संपलं. म्हणून डोळा हलू द्यायचा नाही." इतरांना डॉक्टर दुसऱ्या डोळ्यानं एका लाल दिव्याकडे बघत राहायला सांगत, म्हणजे हा डोळा स्थिर राहतो. ईश्वरदासचा दुसरा डोळा काळोखात होता. डोळ्यामागे सुई देऊन तो बधिर करता येतो, पण या डोळ्यात सुईनंच रक्त सुटायचं, ती जोखीम डॉक्टरांना नको होती. "तुम्हालाच धरून ठेवायचा आहे डोळा," ते म्हणाले. ईश्वरदासनं मान हलवली. पंचावन्न वर्षांत त्यानं स्वतःचं काहीच धरून ठेवलेलं नव्हतं, हे डॉक्टरांना कुठून माहीत असणार.

पहिल्या खेपेला कंपाउंडरनं मागून डोकं धरलं आणि डॉक्टरांनी कडेकडेचे पाचशेवर डाग टाकले. कडेला चुकायला जागा होती. तरी ते दोनदा थांबले आणि म्हणाले, "तुम्ही फार दचकता." दचकत नाही असं ईश्वरदासला सांगायचं होतं, दचकणं त्याच्या रक्तात नव्हतं. पण डोळा आपणहून पळत होता, हे खरं होतं, आणि का पळतो ते त्यालाही कळत नव्हतं. "पुढच्या वेळी मध्याजवळ जायचं आहे," डॉक्टर म्हणाले. "कंपाउंडरच्या हाताखाली तुम्ही अंग चोरता. घरचं माणूस आणा डोकं धरायला." घरचं माणूस बाहेर बाकावर बसलं होतं, पदरात पिशवी गुंडाळून.

आणि आज ते घरचं माणूस त्याच्या पाठीमागे उभं होतं. खोली काळीकुट्ट केलेली. हनुवटी एका पट्टीवर, कपाळ एका पट्ट्याला टेकलेलं, डोळ्यात बधिर करणारे थेंब घालून वर चिकट लेप लावलेलं जाड भिंग बसवलेलं, त्यामुळे पापणी मिटायची सोयच नाही. डोळा उघडा टाकलेला, पाट्यावर ठेवलेल्या माशासारखा. समोर डॉक्टरांचा श्वास. मागून मैनाबाईचे दोन्ही तळवे कानशिलांवर. तिच्या उजव्या अंगठ्यावर कांडीचं सूत धरून धरून पडलेला घट्टा आहे, तो त्याच्या कानाच्या वर खरखरीत टोचत होता. किती वर्षांनी तिनं त्याचं डोकं धरलं होतं? लग्नानंतर एकदा ताप आला होता तेव्हा असेल. त्याला एकाएकी घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. बाईनं नुसता तळहात एवढा, जवाएवढा पुढे रेटला तर? डॉक्टर म्हणतील, दचकले. कुणालाही काही कळणार नाही. ती बाहेर येऊन सांगेल, उजेड उडाला. आणि गल्लीतल्या शेंबड्या पोराला पुन्हा हिशेब कळेल, आणि पुन्हा कुणी काही बोलणार नाही. त्यानं दातावर दात दाबले. रेट, त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, रेट एकदा आणि मोकळी हो, हे असं मायेनं धरून उभी राहू नको.

टेबलाखाली डॉक्टरांचा पाय मशीनच्या पावडीवर पडला. खट्. आणि लगेच हिरवं काहीतरी डोळ्याच्या आत घुसलं. त्याला उजेड म्हणणं म्हणजे घणाला टिचकी म्हणणं. आधी हिरवा घाव, मग त्याच जागी जांभळं भगदाड, मग डोक्याच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचलेला एक ठणका, आणि तो ओसरायच्या आत पुन्हा खट्. खट्, हिरवं. खट्, हिरवं. कुणीतरी आत उभं राहून खिळे ठोकत होतं. त्याच्या मुठी मांडीवर वळल्या आणि त्याला राग आला, तोच, जुना, पायाच्या तळव्यातून वर चढत येणारा राग, ज्याला समोर माणूस लागतं. त्या गोऱ्या डॉक्टरचा गळा पट्टीच्या पलीकडे वीतभर अंतरावर होता. त्याला तो गळा बोटांत जाणवला. "हलू नका," गळा म्हणाला. "डोळा पळतोय. समोर बघा." तो समोर बघत होता. त्यानं डोळ्याला शिव्या दिल्या, बापानं त्याला दिल्या होत्या त्याच. खट्. आणि डोळा पळाला. डावीकडून उजवीकडे.

त्या दिवशीही सकाळपासून मागाचं खट् खट् चाललं होतं. पोळ्याआधीचे दिवस, हिरव्या काठाचं लुगडं, ते संध्याकाळी द्यायचं होतं. पावडीवर पाय, दोरीला हिसका, धोटा डावीकडून उजवीकडे, फणीचा ठोका, पुन्हा पाय. चौदा वर्षांचा असल्यापासून त्याचा डोळा त्या धोट्यामागे धावत आला होता. मागे चरख्याची घरघर, मैनाबाईच्या बांगड्या. कांडी संपली म्हणून त्यानं धोटा बाहेर काढला आणि हात मागे केला, तिनं भरलेली कांडी त्या हातात ठेवली, वाकून पुढे पाहिलं आणि म्हणाली, "तार तुटली."

कोष्ट्याच्या घरात या दोन शब्दांना देवाच्या घंटेचा मान असतो. ताण्यातला एखादा धागा तुटला आणि विणकर तसाच पुढे विणत गेला तर लुगड्यात उभी रेघ पडते, ती शेवटपर्यंत पुसत नाही. म्हणून ज्याला दिसेल त्यानं सांगायचं, पोरानं, बाईनं, दारात आलेल्या पाहुण्यानंही. "तार तुटली" म्हटलं की हात थांबतात, पाय थांबतात, आणि विणणाऱ्याची नजर त्या तुटल्या जागेवर खिळते. गाठ बसेपर्यंत तिथून हलत नाही, घराला आग लागली तरी. आणि सांगणाऱ्यावर कुणी रागवत नाही. नानाजीनंसुद्धा, ज्यानं कशाकशासाठी मारलं त्याची गणती नाही, त्यानंसुद्धा "तार तुटली" म्हणणाऱ्यावर जन्मात कधी हात उचलला नाही. उलट गाठ मारून झाली की तो म्हणायचा, "डोळे हायेत बाप्पा तुले." बापाची एवढी एकच चांगली गोष्ट ईश्वरदासला आठवते.

त्यानं पाहिलं. तार तुटली होती, आत्ताची नाही, केव्हाची. लुगड्यात दोन वितींची रेघ पडून गेली होती. "मघाशी बी म्हणली मी," मैनाबाई म्हणाली, "तुमचं ध्यान नव्हतं." आवाज तिचा साधाच होता. तिथे दुसरं काही झालं असतं तरी चाललं असतं, ती उलट बोलली असती, रडली असती. तिचं खरं होतं, हेच त्याला सोसलं नाही. पायाच्या तळव्यातून ते वर आलं, कंबर मागे वळली, हातात नवी कांडी घातलेला धोटा होता, लाकडाचा, तेलानं काळा पडलेला, टोकाला लोखंड. दोन हातांचं अंतर. त्यानंतर जो आवाज झाला तो अगदी लहान होता, ओल्या कापडावर काठी पडावी एवढा. मैनाबाई ओरडली नाही. तिनं चरखा थांबवला, मग डोळ्यावर हात ठेवला, मग तो हात काढून त्याकडे दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. सूत लाल झालं. हिरव्या काठाच्या लुगड्यावर, त्या रेघेच्या शेजारी, चार थेंब पडले. आणि अजूनही, अठरा वर्षांनी, त्याला ठरवता येत नव्हतं की धोटा सुटला तेव्हा तिची नजर त्या तुटक्या तारेवर होती की त्याच्या हातावर.

"थांबतो मी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पाय काढला. अंधारात त्यांचा आवाज थकलेला वाटला, थोडा भ्यालेलाही. "ईश्वरदासजी, हे असं नाही करता येणार. आताचा डाग मध्याच्या अगदी शेजारी पडला. केसानं वाचलात. अजून पस्तीस-चाळीस टाकायचेत, ते टाकले नाहीत तर मध्याला सूज आहे, ती वाढेल. टाकायला गेलो आणि डोळा असाच पळाला तर माझ्याच हातानं जाईल. काय करू सांगा."

"हलवत नाही जी मी," ईश्वरदास म्हणाला. हनुवटी पट्टीवर असल्यानं शब्द चेंगरून आले. "तो आपल्या मनानं पळून राहिला."

 मशीनचा पंखा घोंघावत होता. दाण्याएवढी जागा, ईश्वरदासच्या मनात आलं, आणि त्या जागेनं आपण जन्मभर काय पाहिलं? सूत पाहिलं. बायकोकडे त्या जागेनं अठरा वर्षांत नीट पाहिलंच नाही, तिच्या डाव्या खांद्याकडे पाहून बोलायची सवय लागली. आता ती जागा जळणार, आणि मग पाहायचं ठरवलं तरी तिथे काजळी असेल.

मागचे तळवे किंचित हलले. "डॉक्टरसाहेब," मैनाबाई म्हणाली, "तुमी पुन्हा पाय वाजवा बरं. उजेड नोको, नुसता पाय."

डॉक्टरांनी काहीतरी फिरवून मशीन बंद केली आणि पावडी दाबली. खट्. ईश्वरदासच्या कानशिलातली शीर तिच्या बोटाखाली उडाली. "आनखी एकडाव." खट्. पुन्हा उडाली, डोळा डावीकडून उजवीकडे धावला. आणि मैनाबाई हसली, फुस्सकन्, नाकातून. "माग हाये हा," ती म्हणाली. "हे मागावर बसले हायेत, डॉक्टरसाहेब. पावडी वाजली का धोटा धावते, आन धोट्याच्या मागं यायचा डोळा धावते. चाळीस वर्सांची खोड हाये ते. तुमी सांगून का यायच्यानं थांबनार हाये?"

डॉक्टर म्हणाले पावडीखाली कापड घालून बघू. कापड घातलं. आवाज दबला, पण डॉक्टरांचा गुडघा टेबलाला लागत होता, त्या हादऱ्यानं सुद्धा डोळा निघाला. ईश्वरदासला रडू आलं, रागाचं. चाळीस वर्षं ज्या कामानं त्याला भाकरी दिली तेच काम आता आत बसून त्याला आंधळा करणार होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यानं पट्टीवरून हनुवटी उचलली, "राहू द्या," असं तो म्हणणार होता, तेव्हा मैनाबाईनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी दाबून परत खाली बसवलं. जोर केवढा होता त्या हातांना. "करा तुमी सुरू," ती डॉक्टरांना म्हणाली. मग ती वाकली. तिचा श्वास त्याच्या उजव्या कानात आला, त्याला विड्याच्या पानाचा वास होता, आणि त्या कानात, मागून, त्याच जागेवरून, त्याच साध्या आवाजात ती म्हणाली, "तार तुटली."

सगळं थांबलं. हात थांबले, पाय थांबले, आणि त्याचा डोळा अंधारात एका जागी खिळला, गाठ मारायच्या जागेवर. खट्. हिरवा घाव बरोबर तिथे पडला जिथे पडायचा होता. डोळा हलला नाही.

"उत्तम," डॉक्टर कुजबुजले.

"तार तुटली." खट्. "तार तुटली." खट्. प्रत्येक वेळी तो वळत होता, आतून, कंबरेतून, प्रत्येक वेळी हातात तेलानं काळं पडलेलं लाकूड होतं आणि प्रत्येक वेळी ते सुटत होतं. एकदा मारलेलं तो आता पुन्हा पुन्हा मारत होता, आणि दर वेळी लोखंड येऊन त्याच्याच डोळ्यात बसत होतं. पंधरा. सोळा. त्याला ओरडायचं होतं की पुरे, दुसरं काही बोल, पण तोंड उघडलं की हनुवटी हलणार. बापाचा चेहरा आला. बाप म्हणाला, हिच्यावर हात उचलला तू? ही तार सांगत होती. सव्वीस. सत्तावीस. मैनाबाईचा आवाज एकदाही चढला नाही, पडला नाही. कांड्या मोजून द्याव्यात तशी ती ते दोन शब्द देत होती, आणि तिची बोटं त्याच्या कानशिलात इतकी रुतली होती की हाड दुखत होतं. हे ती त्याला वाचवायला करत होती की मारायला, हे त्याला कळेना. छत्तीसला त्याच्या घशातून एक आवाज निघाला, जनावराचा. "झालंच," डॉक्टर म्हणाले. "तार तुटली," मैनाबाई म्हणाली. खट्.

दिवा लागला तेव्हा ईश्वरदासला काहीच दिसलं नाही. डॉक्टरांनी भिंग काढलं, गालावरचा लेप पुसला, आणि तासाभरानं हळूहळू नजर येईल, घाबरू नका, म्हणून सांगितलं. सगळीकडे जांभळा अंधार होता आणि त्यात माणसं म्हणजे अधिक जांभळे ठोकळे. "सदतीस," डॉक्टर आनंदानं म्हणाले. "एकही इकडचा तिकडे नाही. बाई, असं काय सांगत होतात हो तुम्ही यांना?"

"काही नाही. मागावरचं बोलनं."

मग डॉक्टर बहुधा पहिल्यांदाच तिच्याकडे डॉक्टरच्या नजरेनं पाहत असावेत. "तुमच्या उजव्या डोळ्याला काय झालं होतं?"

बांगड्या वाजल्या, पदर सारखा केल्याच्या. "धोटा उडाला," मैनाबाई म्हणाली.

"उडाला नाही," ईश्वरदास म्हणाला. आपला आवाज एवढा मोठा निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. "मीनं मारला. फेकून. मांगं बसली होती थे."

पंखा घोंघावत राहिला. डॉक्टरांनी थेंबांची बाटली त्याच्या हातात दिली, बोटं तिच्याभोवती मिटवली, आणि आठ दिवसांनी या म्हणाले. मैनाबाईचा ठोकळा दाराकडे सरकला. तिचा चेहरा कसा झाला असेल हे पाहायला त्यानं डोळा ताणून पाहिला, त्याच दाण्यानं, जो आत्ताच वाचला होता. तिथे जांभळं होतं.

बाहेर पायरीवर ऊन लागलं तेव्हा ती थांबली. त्याच्या डावीकडे ती नव्हती, समोर होती. आवाज समोरून आला. "डॉक्टरले काहून सांगतलं?"

त्यानं थेंबांची बाटली खिशात घातली.

"थो माहा कोन लागते? अठरा वर्सं मी तुमची भाकर थापून राहिली. मले सांगतलं का कदी?"

"तुले तं माहीतच होतं वं."

"माहीत असू दे न. सांगतलं का?"

रस्त्यावरून काटोलची एस.टी. गेली, तिचा धूर दोघांच्या मधून गेला. "मीनं मारला, मैना," तो म्हणाला. आणि मग, आता थांबलो तर पुन्हा कधी विचारणार नाही हे कळून, त्यानं विचारलं, "तुले येतानी दिसला होता का? धोटा?"

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"दिसला," ती म्हणाली. "हात उचलला तवाच दिसला. सरकता आलं असतं मले."

"मंग काहून नाही सरकली?"

"वाटलं, उचलला हाये हात. सोडसान असं वाटलं नाही मले."

तो उभा राहिला. आता ती मारेल तर बरं, असं त्याला वाटलं. त्यानं नकळत डावा गाल पुढे केला, ज्या बाजूचं काही दिसत नव्हतं ती बाजू, आणि वाट पाहिली. हात आला तो तिकडूनच. दंडावर पडला आणि त्या हातानं दंड धरला, कोपराच्या वर, घट्ट, आणखी घट्ट, तिची नखं सदऱ्यावरून मांसात रुतली आणि बाहीच्या आत काहीतरी ओलं झालं. "पायरी हाये," ती म्हणाली. "उतरा." त्यानं पाय टाकला. रस्ता ओलांडून दोघं रिक्षा स्टँडवर पोचली तरी तिनं पकड सैल केली नाही, आणि त्यानंही सोड म्हटलं नाही.